ॲप्रनमधला 'न' कुठे गेला आणि ऑरेंजमधला कुठे?

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सातवीतल्या मुलीला क्लासमध्ये सांगितलं की इंग्रजीतला 'ॲप्रन' आधी 'नॅप्रन' होता, 'ऑरेंज' आधी 'नॉरेंज' होता, आणि लोकांनी त्यातला 'न' काढून मागच्या 'अ'ला चिकटवला. हे खरं आहे का कुणीतरी सोडून दिलेली पुडी आहे?

ताई, अर्धी पुडी आहे. ॲप्रनचं पूर्ण खरं, ऑरेंजचं मात्र अर्धवट, आणि मला विचाराल तर ते अर्धवटच जास्त मजेशीर आहे कारण ती गोष्ट सुरूच आपल्याकडून होते. पण क्रमाने जाऊ.

आधी हा 'अ' आणि 'ॲन'चा घोळ. शाळेत आपण पाठ केलं की मूळ 'अ', पुढे स्वराचा उच्चार आला की त्याला 'न' लावायचा. आता इतिहास बघितला तर बरोब्बर उलटं आहे. जुन्या इंग्रजीत 'एक' ह्या अर्थाचा शब्द 'आन' असा होता, त्यातूनच आजचा 'वन' निघाला आणि त्याचंच बिनजोराचं, घाईत बोललेलं रूप म्हणजे 'ॲन'. म्हणजे 'न' आधीपासून होताच, पुढे व्यंजन आलं की लोक तो गिळायला लागले आणि 'अ' उरला. 'माइन' आणि 'माय'चंही तेच झालं, म्हणून जुन्या इंग्रजीत 'माय आईज'च्या जागी 'माइन आईज' दिसतं. आणि लाडाने 'माइन एड' म्हणता म्हणता 'माय नेड' झालं, एडवर्डचा नेड होतो तो असा, नाहीतर एडवर्डमध्ये 'न' शोधून सापडतोय का बघा.

आता बोलताना काय होतं, शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ती आपण कागदावर सोडतो. लहानपणी गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' किती जणांनी केलं असेल ते ज्याचं त्याने आठवावं (मी कॉलेजला जाईपर्यंत तेच म्हणत होतो, आणि फळीवर ठेवलेला गणपती डोळ्यांसमोर असल्यामुळे अर्थही बसत होता!). कानाला जे पटतं तिथे आपण शब्द तोडतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्लंडात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं, त्यामुळे 'अ नॅप्रन' म्हटलं काय आणि 'ॲन ॲप्रन' म्हटलं काय, ऐकायला एकच, आणि काही शब्दांचा तुकडा चुकीच्या जागी पडला तो पडलाच.

नॅप्रन आला फ्रेंचमधून, तिथे 'नाप' म्हणजे टेबलावर घालायचं कापड आणि नॅप्रन म्हणजे त्याचं छोटं भावंड. त्याच 'नाप'पासून 'नॅपकिन' झाला, त्याचा 'न' शाबूत राहिला. म्हणजे स्वयंपाकघरात एकाच घरातले दोघं, एकाचा 'न' गेला, एकाचा राहिला. ह्या 'नाप'च्या मागे लॅटिन 'माप्पा' आहे, म्हणजे पुन्हा कापडच, आणि 'मॅप' हा शब्द तिथूनच आलाय.

दुसरा बळी आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, अंपायर. हा आधी 'नूंपेर' होता, जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉन पेर', म्हणजे जो जोडीतला नाही, विषम, दोघांच्या भांडणात बाहेरचा तिसरा. 'अ नूंपेर'चं 'ॲन अंपायर' झालं. म्हणजे अंपायर हा मुळातच तिसरा, मग 'थर्ड अंपायर' म्हणजे तिसऱ्यातला तिसरा! 1992 साली डर्बनच्या कसोटीत टीव्ही बघून ज्याला पहिल्यांदा रनआऊट दिलं तो आपला सचिन, तेव्हा शब्दाची व्युत्पत्ती आठवायच्या मूडमध्ये घरात कुणीच नव्हतं.

असेच अजून दोन. 'ॲडर' नावाचा विषारी साप जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे' होता, जर्मनमध्ये 'नाटर' अजून 'न' सांभाळून आहे. आणि सुतार भोकं पाडायला वापरतो ते मोठं गिरमिट, इंग्रजीत 'ऑगर', ते आधी 'नाफुगार' होतं. ह्यातला 'नाफु' म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यातून आस जातो, आणि संस्कृतात त्याला काय म्हणतात, तर नाभी. हा योगायोग नाही, दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, इंग्रजी 'नेव्हल' म्हणजे बेंबी हाही त्यातलाच.

उलटी चोरीही झाली हां. 'निकनेम'मधला 'न' त्याचा स्वतःचा नाही. मूळ शब्द 'ईकनेम', त्यात 'ईक' म्हणजे 'शिवाय, आणखी', म्हणजे असलेल्या नावाशिवाय आणखी एक नाव (आपल्या 'एक'शी ह्याचा काही संबंध नाही, लगेच जोडू नका). 'ॲन ईकनेम' म्हणता म्हणता 'अ निकनेम' झालं. पालीसारखा दिसणारा पाण्यातला 'न्यूट' पण तसाच, आधी 'ॲन ईव्ट' होता.

आता ऑरेंज. ह्याचा प्रवास संस्कृत 'नारङ्ग'पासून सांगतात, त्याच्याही मागे दाक्षिणात्य भाषा आहेत, तिथून फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांहा'. आपल्याकडे नारिंग आहेच, म्हणजे नागपूरचं फळ आपण संत्रं म्हणतो पण त्याचा रंग नारिंगी. तर स्पेनपर्यंत 'न' टिकला आणि इटली-फ्रान्सकडे गळला, इटालियनमध्ये 'उना नारांचा'चं 'उन आरांचा' झालं, फ्रेंचमध्येही तसंच, आणि फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात त्यामुळे सोनेरी फळाला 'ऑ'ने सुरुवात होणं लोकांना अगदीच पटलं असणार. हा असा 'न' गमावलेला शब्द मग इंग्रजीत आला. म्हणजे इंग्रजांच्या तोंडी 'अ नॉरेंज' कधी नव्हतंच, चोरी वाटेतच झाली होती आणि आळ मात्र इंग्रजांच्या 'अ-ॲन'वर येतो. क्लासमधल्या सरांना तेवढं सांगा, प्रेमाने सांगा, कारण हे चुकीचं उदाहरण भल्याभल्यांच्या तोंडी आहे. आणि फळ आधी आलं, रंगाला ते नाव इंग्रजीत सोळाव्या शतकात मिळालं.

मराठीत 'अ-ॲन' नाही म्हणून आपण ह्यातून सुटलो असं वाटत असेल तर तसं नाही. आपल्याकडे 'न'ऐवजी उपसर्गांनी फसवलंय, आणि ते थेट संस्कृतपासून. 'असुर' घ्या. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर म्हटलंय, इराणकडच्या जुन्या धर्मातल्या 'अहुर मज्द' ह्या देवाच्या नावातला 'अहुर' त्याचाच भाऊ, तिथला 'अ' नकाराचा नाहीच. पुढे असुर म्हणजे राक्षस हा अर्थ पक्का झाला, लोकांना तो 'अ' अधर्म-अन्यायमधल्यासारखा वाटायला लागला, मग जो असुर नाही तो 'सुर', असा देवांसाठी एक नवाकोरा शब्द तयार झाला. चुकून कापलेल्या तुकड्यातून!

त्याहून भारी 'विधवा'. ह्याचं मूळ 'विध्' धातूत आहे, रिकामं होणं, एकटं पडणं असा अर्थ, आणि लॅटिन 'विदुआ' नि इंग्रजी 'विडो' ह्या त्याच्या सख्ख्या बहिणी. पण आपल्या लोकांना सुरुवातीचा 'वि' हा वियोगातल्यासारखा उपसर्ग वाटला, म्हणजे उरलेला 'धव' हा नवरा असणार. आणि झालाही, कोशात 'धव' म्हणजे पती आहे, त्यावरून 'सधवा' आली, 'माधव'ची सुद्धा 'मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव' अशी फोड करतात. इंग्रजांकडे तोच शब्द तितकीच वर्षं पडून होता, पण 'विडो'मधून 'वि' काढून 'डो' नावाचा नवरा शोधायचं त्यांच्यात कुणाला सुचलं नाही.