प्राधान्य की अग्रक्रम? आणि वर्गीकरण की प्रतवारी?

प्रश्न असा आलाय की नेटवर्क स्विचच्या (नेटवर्कमधली यंत्रं जोडून डेटा इकडून तिकडे पोचवणाऱ्या उपकरणाच्या) माहितीपुस्तिकेचं मराठी करताना क्लासिफिकेशनला 'प्रतवारी' आणि प्रायॉरिटीला 'अग्रक्रम' म्हटलं तर चालेल का.

प्रतवारी नकोच. प्रतवारीत माल चांगला की वाईट हे ठरवणं आलं, आणि पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आत येतं तेव्हा स्विच तसलं काही बघतच नाही, तो फक्त ओळख पटवतो, म्हणजे कुठल्या पोर्टवरून (केबल जोडायच्या जागेवरून) आलं, व्हीलॅन टॅगमधल्या (पॅकेट कुठल्या आभासी नेटवर्कचं ते सांगणाऱ्या चिठ्ठीतल्या) ३ बिटांत काय आकडा आहे, आयपी हेडरमधली (पॅकेटच्या सुरुवातीला पत्ता वगैरे असतो त्या भागातली) डीएससीपीची, म्हणजे पॅकेटला कशी वागणूक द्यायची त्या खुणेची, ६ बिटं काय सांगतायत वगैरे, आणि ह्या खुणाही त्या पोर्टवर ट्रस्ट ठेवला असेल तरच मानतो, नाहीतर बाजूला सारून स्वतःच्या नियमाने गट ठरवतो. म्हणजे साधं वर्गीकरण झालं. आधी कोण जाणार हा प्रश्न पुढे बाहेरच्या पोर्टच्या रांगांमधे येतो, तोही गर्दी असेल तर, लिंक मोकळी असली की कोणाला थांबायचं कारणच नाही.

आता अग्रक्रम. शब्द छान आहे पण आकडा जोडला की घोळ. आपण 'अग्रक्रम १' वाचलं की सगळ्यात पहिला असंच समजणार ना? टॅगमधले आकडे ० ते ७, आणि त्यात ७ सगळ्यात वरचा. त्यातून गंमत म्हणजे १ हा ० च्याही खाली, कारण ० म्हणजे नेहमीची वाहतूक आणि १ म्हणजे मागे रखडली तरी चालेल अशी बॅकग्राउंडची. म्हणजे कोणी अग्रक्रम १ वाचून व्हॉइस कॉल तिथे टाकले तर ते पार तळाला जातील! म्हणून तिथे 'प्राधान्य-पातळी' लिहा, पातळी म्हटलं की मोठा आकडा वर हे आपोआप डोक्यात येतं (१ चा अपवाद मात्र टीप देऊन सांगावा लागेल, त्याला इलाज नाही).

डीएससीपीला तर पातळीही म्हणू नका. ती ० ते ६३ अशी शिडी नाहीये. व्हॉइसला सहसा ४६ देतात, आणि १० नि १४ हे एकाच वर्गातले असून गर्दीत १४ वालं पॅकेट आधी टाकून दिलं जायची शक्यता जास्त. तिथे 'खूण' पुरे.

'प्राथमिकता' हिंदीतून आलाय, मराठीत प्राथमिक म्हणजे सुरुवातीचं, मी तरी टाळतो. अग्रक्रम वापरायचाच असेल तर स्ट्रिक्ट प्रायॉरिटी क्यूला 'अग्रक्रमाची रांग' म्हणा, ती रिकामी झाल्याशिवाय बाकीच्यांचा नंबर लागत नाही, शब्द तिथे चपखल बसतो.