लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल आता म्युझियम आहे की अजून शाळा भरते?

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली ही शाळाच आहे, रोज वर्ग भरतात. १९२७ ची बिल्डिंग, तोवर फक्त गोऱ्या मुलांची; १९५७ ला ९ कृष्णवर्णीय मुलांना आत जाण्यापासून राज्याचा गव्हर्नर फॉबसने नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) लावून अडवलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने थेट लष्कराची १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली, ती शाळा हीच. पुढच्या मे मध्ये त्या नऊ जणांतला अर्नेस्ट ग्रीन पास होऊन बाहेर पडला, तर गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकू नये म्हणून फॉबसने १९५८-५९ चं अख्खं वर्ष शहरातली सरकारी हायस्कूलंच बंद ठेवली (गोऱ्या मुलांचीही, म्हणजे बघा!). म्युझियमचा घोळ होतो कारण १९९८ पासून ही नॅशनल हिस्टॉरिक साइट (राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ) आहे आणि अशी स्थळं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसचं व्हिजिटर सेंटर शेजारीच आहे. फक्त, शाळेच्या आत असंच घुसता येत नाही, रेंजरसोबतची टूर आधी बुक करावी लागते.