टेकोडे की कुत्र्याची छत्री? आधी मुळापासून काढा

पावसाची झड लागली की माझ्या फोनवर छत्र्यांचे, म्हणजे रानातल्या अळिंबीचे (मशरूमचे) फोटो सुरू होतात. वावरातले, धुऱ्यावरचे (बांधावरचे), उकिरड्यावरचे, एक तर चक्क संडासामागचा. खाली एकच ओळ: "साहेब, खाता येते का?" वरून काढलेल्या फोटोवर मी हो म्हणत नाही. जो म्हणतो त्याचेही ऐकू नका. या पंधरवड्यातले चार प्रश्न इथे घेतो, बाकीचे त्यांचीच भावंडे आहेत.

प्रश्न (सिंदेवाही तालुक्यातील ताई): आमच्या सासूबाई सात्या (खायच्या रानछत्र्या) बरोबर ओळखायच्या. त्या गेल्या. यंदा धुऱ्यावर निघाल्या त्यात काही वेगळ्या दिसतात. कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले, शिजवताना लसूण टाका, काळा पडला तर विषारी समजा. असे करू का?

ताई, नका करू. लसूण काळा पडणे, चांदीचा चमचा काळा पडणे, हळदीचा रंग बदलणे, यातल्या एकाचाही छत्रीच्या विषाशी संबंध नाही. किडे खातात म्हणजे माणसाला चालते, हेही खोटे. गोगलगाय आरामात पचवते ती छत्री माणसाचे यकृत निकामी करते. आणि उकळले, तळले, वाळवले की विष जाते म्हणणारा सगळ्यात धोक्याचा, कारण सर्वांत घातक विष उकळूनही जसेच्या तसे राहते. त्या भाऊंचा धंदा औषध विकण्याचा आहे. भाजी तपासून घ्यायला तिथे जाऊ नका.

सासूबाई काय पाहत असतील ते सांगतो. सात्या म्हणा, अमरावती-वर्धेकडे टेकोडे म्हणतात, ती उधईची (वाळवीची) शेती आहे. उधई लाकूड, पालापाचोळा, तणस कुरतडते, पण ते तिला एकटीला नीट पचत नाही. म्हणून ती विष्ठेच्या बारीक गोळ्यांचा, स्पंजासारखा भोकाभोकाचा पोळा जमिनीत बांधते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, उधई बुरशीचे पांढरे दाणे खाते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे, आपल्या धानापेक्षा कितीतरी जुनी. पाऊस मुरला की ही बुरशी त्या पोळ्यापासून वर निघते आणि जमीन फोडून छत्री उघडते. आपण भाजी करतो ते तिचे फळ. खरे झाड म्हणजे खाली पसरलेले पांढरे धागे.

यातूनच ओळख निघते. जमीन फोडायची म्हणून टोपीच्या मधोमध टोक असते, भाल्याच्या फाळासारखे. पोळ्यापर्यंत नाते असते म्हणून दांड्याला खाली निमुळते होत गेलेले लांब मूळ असते, कधी कधी हातभर. तेव्हा हाताने मोडू नका. खुरप्याने बाजूची माती काढा आणि अख्खी उपसा. बायाबापड्या वरची टोपी मोडून टोपलीत टाकतात आणि ओळखीची अर्धी खूण जमिनीतच राहते. विषारी छत्रीची खूणही नेमकी तिथेच, जमिनीत असते: दांडा बुडाशी फुगलेला आणि त्याभोवती अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी पिशवी. वर दांड्याला कडे, खाली पिशवी, टोपीखालचे पडदे पांढरेच. असे दिसले की हात धुवा आणि घरी या. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातल्या छत्र्या खाऊन काही दिवसांत १३ माणसे गेली. तीही वर्षानुवर्षे रानातली भाजी खाणारीच होती.

उकिरड्यावर आणि गुरांच्या गोठ्याजवळ येते ती वेगळी. ताटलीएवढी पांढरी टोपी, वर भुरकट खवले, दांड्याला कडे. दिसायला इतकी देखणी की सोडवत नाही. कोवळेपणी तिचे पडदे पांढरेच असतात, फसगत तिथेच होते. जून झाली की ते हिरवट होतात. ही मारत सहसा नाही, पण उलटी-जुलाबाने आडवे पाडते.

म्हणून माझा आग्रह एका रात्रीचा. पूर्ण उघडलेली टोपी दांड्यापासून कापा, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या कागदावर पडदे खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटलेला असतो. हिरवट ठसा आला तर फेका. पांढरा आला तर फेका. सात्याचा ठसा फिक्कट गुलाबी असतो. पण उलटे समजू नका: गुलाबी ठशाच्या विषारी छत्र्याही आहेत. ठसा नाही म्हणायला उपयोगी आहे, हो म्हणायला नाही. टोक, लांब मूळ, उधईची जागा आणि गुलाबी ठसा, चारही जुळले आणि गावातली जाणती बाई हो म्हणाली, तरच चूल पेटवा. शेकड्याने एका जागी उगवणाऱ्या चिमुकल्या सात्यांना लांब मूळ नसते, त्या जाणत्या माणसाशिवाय घेऊच नका. अंड्यासारख्या दिसणाऱ्या, न उघडलेल्या कोवळ्या छत्र्यांना तर कोणीच हात लावू नये.

आणखी एक. वारुळावर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतले असेल, तर त्या जागेची सात्या खाऊ नका. कपाशीला फवारणी झालेल्या धुऱ्यावरचीही नको.

प्रश्न (भंडारा जिल्ह्यातील भाऊ): रात्री रानातल्या छत्रीची भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना उलट्या-जुलाब. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, संध्याकाळपर्यंत बरे वाटले. आता काळजी नाही ना?

हा निरोप वाचला तसा फोन करून चौघांना दवाखान्यात धाडले. इथे देतो ते बाकीच्यांसाठी.

भाऊ, काळजी आहे, आणि बरे वाटले म्हणूनच जास्त आहे. खाल्ल्यापासून एक-तीन तासांत उलटी झाली तर बहुतेक वेळा पोटाचे दुखणे असते, सलाइनवर निभावते. सहा तास उलटून, रात्री खाऊन सकाळी सुरू झाले, तर ते यकृताचे विष असू शकते. त्यात मधे एक दिवस माणूस बरा होतो. बाजेवर उठून बसतो, चहा मागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात आणि मग हातात काही राहत नाही. मी हा मधला दिवस एका घरी डोळ्यांनी पाहिला आहे. सगळे हसत होते.

मेडिकलच्या दुकानातून जुलाब बंद करायच्या गोळ्या आणू नका. तूप, मीठपाणी, ताक पाजून घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: छत्री खाल्ली, इतके तास झाले. ताटात उरलेली भाजी आणि निवडताना टाकलेले दांडे-साली कागदात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकमध्ये घामेजतात. ज्यांनी खाल्ले पण अजून काही झाले नाही त्यांनाही न्या. यकृताची तपासणी एकदा चांगली आली म्हणून उठून येऊ नका, ती दोन-तीन दिवस पुन्हा करावी लागते.

प्रश्न (वरूड तालुक्यातील संत्रा उत्पादक): संत्र्याच्या आळ्यात पांढऱ्या छत्र्यांचा फड आला. दुकानदार म्हणतो मुळाला बुरशी लागली, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करा (मुळाशी ओता), पाऊस आहे म्हणून डोस दुप्पट. बाटल्या आणल्या आहेत.

परत करा. तुम्ही उन्हाळ्यात शेणखत टाकले, ते पुरते कुजले नव्हते, त्यावर या छत्र्या जगतात. त्यातल्या काही तर दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळून जातात. झाडाशी त्यांचे घेणेदेणे नाही. उलट काडीकचरा मोडून त्या तुमचेच काम करतात. पायाने तुडवा आणि विसरा.

तुम्ही ज्याला भिता तो डिंक्या, बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग. तो करणारा बुरशीसारखा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. तो छत्री उगवतच नाही आणि त्यावर कार्बेन्डाझिम चालतही नाही. म्हणजे नसलेल्या रोगावर न चालणारे औषध, तेही दुप्पट. पाऊस आहे म्हणून डोस वाढवायचा नसतो, पाऊस आहे म्हणून थांबायचे असते. हे वाक्य मी दर मोसमात बोलतो आणि दर मोसमात दुकानदार माझ्या पुढे असतो. डिंक्यासाठी बुंध्याला माती लागू देऊ नका, पाणी साचू देऊ नका आणि पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. घरी करा, दुकानातल्या तयार डब्याची गरज नाही.

छत्री जमिनीत नसून बुंध्यालाच चिकटलेली, लाकडासारखी कडक, फळीसारखी आडवी आणि वरून तपकिरी चकचकीत असेल तर मात्र मला कळवा. ते लाकूड सडल्याचे लक्षण आहे.

प्रश्न (आरमोरी तालुक्यातील तरुण शेतकरी): गावात एक जण "सात्याचे बीज" विकतो. शेडमध्ये बारा महिने सात्या निघते म्हणतो. घ्यावे का?

नको. सात्याला उधईचा पोळा लागतो, पिशवीत ती येत नाही. व्यापारी लागवड अजून कोणाला साधलेली नाही. त्या पाकिटात बहुतेक धिंगरीचेच (ऑयस्टर मशरूमचेच) बीज असेल, तिप्पट भावाने.

छत्रीच पिकवायची तर धिंगरी पिकवा, आणि सोयाबीनच्या कुटारावर (मळणीनंतरच्या भुशावर). धुऱ्यावर जाळता ते हेच. पावसात न भिजलेले नवे कुटार घ्या, १०-१२ तास पाण्यात भिजवा, मग ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवा. पाणी निथळून थंड करा, मुठीत दाबले तर थेंब पडू नये. ओल्या कुटाराच्या २ टक्के बीज थरांनी भरा. पिशव्या १५-२० दिवस अंधारात, पांढऱ्या झाल्या की पिशवी काढा, वरून हलके पाणी. दांडे लांब आणि टोप्या बारीक निघाल्या तर खोलीत हवा कमी आहे, पाणी नाही. टोपीची कड वर वळण्याआधी तोडा, नाहीतर भुकटी उडून खोकला लागतो. तोंडाला रुमाल बांधाच. किलोभर कोरड्या कुटारातून अर्धा ते पाऊण किलो ओली धिंगरी धरा.

गरम पाणी का सांगतो? कारण दुकानदार फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिम सांगतो. १०० लिटर पाण्याला फॉर्मॅलिन १२५ मिली आणि कार्बेन्डाझिम ७.५ ग्रॅम हे शिफारशीचे प्रमाण आहे, पण मी शेडमध्ये गेलो तर चिमूटभर नाही, मूठभर टाकलेले दिसते. बुरशी पिकवायची आणि बुरशीनाशक मुठीने टाकायचे! मग बीज चालत नाही आणि तोच दुकानदार दुसरे बीज विकतो. औषधाला हात न लावता होते ते औषधाने करू नका.

बीज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडून किंवा सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून घ्या, पिशवीवरची तारीख पाहा, हिरवा डाग दिसला तर परत. वाळवण-पॅकिंगचा जोडधंदा केला तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले होते, कर्जाशी जोडलेले. योजना अजून चालू आहे का ते विचारायला आणि कागदपत्रांसाठी कार्यालयात या. सुरुवात ऑक्टोबरात, दहा पिशव्यांनी. मार्चनंतर आपल्याकडे धिंगरी भाजून निघते, तेव्हा कोणी शेड उभारायला सांगत असेल तर तो पत्रे विकणारा आहे.