प्रिंटरमध्ये लाल-हिरव्या-निळ्याऐवजी सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळी शाई का असते?

कारण शाई प्रकाश देत नाही, गिळते. स्क्रीन काळोखातून सुरू होते आणि लाल, हिरवा, निळा प्रकाश मिळवत पांढऱ्याकडे जाते. कागद आधीच पांढरा, तिथे फक्त वजाबाकी.

सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. म्हणून पिवळ्यावर मॅजेंटा चढवला की निळा आणि हिरवा गेला, उरला लाल. लाल शाईनेच सुरुवात केली तर ती एकटीच हिरवा-निळा खाऊन बसते. वर हिरवी चढवली की जवळपास काळोखच. पिवळा आणणार कुठून?

तिन्ही मिळून खरं तर काळा यायला हवा. पण शाया तेवढ्या शुद्ध नसतात, मातकट तपकिरी येतो. म्हणून चौथी, काळी शाई. शिवाय बारीक अक्षरं तीन शायांनी छापणं म्हणजे उगाच उधळपट्टी!