सभेला जा, पण पहिला विषय निघायच्या आत पोचा

तुमचा प्रश्न असा आहे: ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, ग्रामसभेत उठून बोलता यायचं, आता नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेला साध्या माणसाला बसू देतात का, आमच्या गल्लीतल्या गटारीचा विषय तिथं मांडता येईल का, की सगळं आधीच ठरलेलं असतं?

बसता येतं, पण बोलता येत नाही. नगरपरिषदांचा 1965 चा कायदा नगरपंचायतींनाही लागू आहे आणि त्यात सभा लोकांसाठी खुली ठेवली आहे. बोलायचा हक्क मात्र मेंबरांनाच, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांनाच. आपल्या सांगली जिल्ह्यात कडेगाव, शिराळा, कवठेमहांकाळ या गावांना हा फरक जाणवला असणारच. ग्रामसभेत कुणीही उठून सरपंचाला हिशोब विचारू शकत होतं. आता तोच माणूस मागच्या खुर्चीवर गप्प बसतो. हा बदल मला अजिबात पटलेला नाही, पण तो तसा आहे.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा, ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’, तो वाचून मात्र मी लिहायला बसले. कारण हेच वाक्य माझ्या घरात माझे चुलत दीर मला ऐकवत आलेत, आणि ते स्वतः मेंबर होते.

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या मंडईत माझं शिवणकामाचं दुकान आहे. गावाचं नाव लिहीत नाही. बाजारादिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायका माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, पाट्या घेऊन पहिल्या एसटीनं येतात. एकदा जागा धरली की दिवस मावळेपर्यंत उठता येत नाही, उठलं की दुसरा बसतो. मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पुरुष कुठल्याही भिंतीकडं तोंड करतात. बायका काय करतात, तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चैत्र-वैशाखातल्या उन्हात दिवसभर बसून, घशाला कोरड पडलेली असताना, पाण्याची बाटली शेजारी भरलेली तशीच. कुणाला मूतखडा, कुणाला लघवीची जळजळ कायमची. फारच अडलं की माझ्या दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा लावलेला आडोसा आहे तिथं यायच्या. पोटुशी बाई तिथं आडोशाला बसलेली बघितली की मला आतून संताप यायचा. पट्टी वसूल करायला नगरपालिकेचा माणूस रोज त्यांच्यासमोर उभा राहतो, पावती फाडतो, आणि त्या पट्टीच्या बदल्यात त्यांना एक दार लावता येईल अशी जागा देत नाही.

आम्ही अर्ज केला, सह्या आणि अंगठे घेतले, आमच्या प्रभागातल्या बाई मेंबरनी तो लावून धरला आणि विषय विषयपत्रिकेवर आला. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी काढावी लागते, त्यामुळं तयारीला वेळ होता. सभेला मी दुकान बंद ठेवून गेले.

सभा कशी चालते ते सांगते, कारण तुम्हाला तेच बघायचं आहे. पहिला विषय नेहमी एकच, मागील सभेचं इतिवृत्त, म्हणजे त्या सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, वाचून कायम करणे, म्हणजे ती बरोबर आहे असं मान्य करणे. मग जमाखर्च. मग नेहमीची यादी: पाणी शुद्ध करायची तुरटी आणि टीसीएल पावडर खरेदी, पाण्याच्या टँकरच्या भाड्याला मुदतवाढ, घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ, डासांच्या फवारणीचं औषध, पथदिवे, कूपनलिकांची दुरुस्ती, बाजार वसुलीचा लिलाव. हे विषय वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मंजूर होतात. एक सूचक, एक अनुमोदक, पुढचा विषय. आमच्या सभेत भांडण झालं ते एका चौकाच्या नामकरणावर. दोन्ही गट उभे राहिले, टेबलं बडवली, जुन्या उपकारांची उजळणी झाली, निम्मी सभा त्यातच गेली. गावात महिन्याभरात कुणी त्या चौकाला नव्या नावानं हाक मारली नाही. पण पाणी, कचरा, औषध या गोष्टींवर एवढ्या तावातावानं कुणी बोलताना मी बघितलं नाही.

आमचा विषय चौदावा होता. स्वच्छतागृहाला कुणाचा विरोध नव्हता, प्रश्न जागेचा होता. एक जागा मंडईच्या पाठीमागं, जुन्या कोंडवाड्याची, उजेडाची आणि माणसांच्या नजरेतली. दुसरी ओढ्याच्या कडेला, कचरा टाकतात त्याच्या शेजारी. संध्याकाळी तिकडं बाई एकटी जाणार नाही हे शाळेतल्या पोरीलाही कळतं. आमच्या बाई मेंबर उठल्या आणि त्यांनी उपसूचना, म्हणजे ठरावात दुरुस्ती, मांडली की बांधकाम कोंडवाड्याच्याच जागेत व्हावं. विरोधी गटातल्या एकांनी अनुमोदन दिलं. अध्यक्षस्थानावरून उत्तर आलं, “ठीक आहे, घ्या त्यात.” सगळ्या सभागृहानं ऐकलं. मी मापं लिहायच्या वहीत ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

पुढच्या सभेच्या नोटिशीबरोबर मेंबरांना इतिवृत्ताची प्रत आली. आमच्या बाई ती घेऊन दुकानात आल्या. चौदाव्या विषयाखाली होतं: सर्वानुमते मंजूर, जागानिश्चितीचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांना देण्यात येतात. कोंडवाड्याचा शब्द नाही. उपसूचना नाही, अनुमोदन नाही. कोंडवाड्याची जागा रस्त्याला लागून होती आणि तिथं गाळे काढायचा बेत काही जणांच्या डोक्यात होता, हे नंतर सगळ्या गावाला दिसलं.

त्या सभेला मी वही घेऊन लवकर जाऊन बसले. वेळ झाली, अध्यक्ष आले, आणि बसता बसता “इतिवृत्त वाचलं असं समजून कायम” असं म्हणून झालंसुद्धा. काही मेंबर तेव्हा जिन्यात होते. आमच्या बाई त्यांच्यातच होत्या. त्या येऊन बसल्या, कागद काढला आणि दुरुस्ती मागायला उठल्या तर उत्तर मिळालं, ते कायम झालंय, आता तो विषय नाही. मी मागं बसले होते, हातात वही होती, त्या वहीत अध्यक्षांचे शब्द होते, आणि मला एक अक्षर बोलायची मुभा नव्हती.

स्वच्छतागृह झालं. ओढ्याकाठी झालं. फरशी लावली, टाकी ठेवली, उद्घाटनाची पाटी लागली. बायका तिकडं फिरकल्या नाहीत, मग वापर नाही म्हणून कुलूप लागलं, आणि परतीच्या पावसात ओढ्याचं पाणी आत शिरून दार कुजलं. कोंडवाड्याच्या जागेत आज गाळे आहेत. माळवेवाल्या बायका अजून माझ्याच पडद्यामागं येतात.

आता माझे दीर. त्यांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे: “वहिनी, निधी आला, काम झालं, पाटी लागली. इतिवृत्तात काय लिहिलंय ते कोण वाचतंय? ठरायचं ते पार्टी मीटिंगमध्ये आदल्या रात्री ठरलेलं असतं.”

भावजी, आदल्या रात्री ठरतं हे मला मान्य आहे. पण आदल्या रात्रीच्या ठरण्यावर ठेकेदाराला बिल मिळत नाही. काम सुरू झालं तेव्हा मी बांधकाम विभागातल्या अभियंत्यांना जाऊन विचारलं होतं की जागा बदलली कुणी. त्यांनी फाइल उघडून त्या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, ताई, मला एवढंच लिहून आलंय. सभागृहात कोण काय बोललं ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, पोचते ती ओळ. माझ्या धंद्यात माप वहीत चुकीचं उतरलं तर कापड कितीही भारी घ्या, ब्लाउज बसत नाही. तेच इथं झालं.

भावजींचा दुसरा मुद्दा असायचा की छोट्या नगरपालिकेकडून जास्त अपेक्षा करू नये. हे तर साफ खोटं आहे. एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात 2020 साली देशात पहिलं आलं ते कराड, 2021 साली विटा. दोन्ही आपल्या अवतीभवतीची गावं. तिथंही नगरपालिकाच आहे, तोच कायदा आहे, तशीच सभा भरते.

आणि तिसरा मुद्दा, प्रशासकाच्या काळात कामं झटपट झाली. 2021 च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत संपली आणि डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका होईपर्यंत मेंबरांच्या जागी सरकारनं नेमलेले प्रशासक होते. त्या काळात ठराव म्हणजे एका अधिकाऱ्याची सही. झटपट झालं असेल. पण चुकीचं काही होत असताना ‘थांबा’ म्हणायला सभागृहच नव्हतं, ना उपसूचना, ना विरोधी गट, ना मागची खुर्ची. मला रेंगाळणारी सभा चालेल, पण बंद दारामागची सही नको. 2011 पासून महिलांसाठी निम्म्या जागा आहेत, म्हणजे सभागृहात निम्म्या बायका. त्यांच्यातली एकजण उठून जे बोलली ते कागदावर आलं असतं तर आमचं काम झालं होतं. एवढ्या जवळ आलं होतं ते.

म्हणून तुम्हाला सांगते, सभेला गेलात तर तुमचा विषय येईपर्यंत चहाला थांबू नका. पहिल्या विषयाला हजर राहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मेंबरला हजर ठेवा. इतिवृत्तात काही चुकलं असेल तर ते कायम व्हायच्या आधीच मेंबरनी उठून बोललं पाहिजे. नुसतं तोंडी नको. दुरुस्तीचं पत्र सभेच्या आधीच सभा लिपिकाकडं आवक करून पोच घ्यायला लावा. मेंबर ऐकत नसेल तर विरोधी गटातला धरा, त्यांना असलं काम आवडतं. तुम्ही स्वतः मागं बसून लिहून घ्या: विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, अध्यक्ष काय म्हणाले. लिहायला कुणी मनाई करू शकत नाही.

इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मिळते. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला 2 रुपये. पण उत्तराची मुदत 30 दिवसांची असते आणि तेवढ्यात पुढची सभा होऊन जाऊ शकते, त्यामुळं नुसतं त्यावर विसंबून राहू नका. नोटिशीबरोबर मेंबरला प्रत येतेच, तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. शिवाय 2018 च्या शासननिर्णयाप्रमाणं सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत कार्यालयात जाऊन कागद बघता येतात. हे कुणी सांगत नाही, आपणच जाऊन मागायचं.

गटारीचं राहिलंच. तुंबलेली किंवा फुटलेली असेल तर त्याला सभेचा ठराव लागत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज, फोटो, आवकचा शिक्का, आणि आठवड्याभरानं परत जाऊन उभं राहणं, एवढंच. नवी गटार बांधायची असेल तर मात्र मेंबरकडून विषय विषयपत्रिकेवर घ्यावा लागेल, आणि नोटीस निघायच्या आधी. ऐनवेळच्या विषयात घेतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तिथं सभा संपायच्या घाईत काय लिहिलं गेलं ते नंतर सापडत नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की ठराव पटला नाही तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं जा. मलाही सांगितलं होतं. जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात हे खरं, पण ठराव बेकायदा आहे किंवा लोकांना त्यानं इजा होते असं काहीतरी दाखवावं लागतं. गटार या गल्लीत नको त्या गल्लीत हवी, यासाठी ते कलम नाही. आमच्या विषयातही कायदेशीर ठपका ठेवावा असं काही नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांना अधिकार दिले, त्यांनी ते वापरले. कागद चोख होता.

एक गोष्ट लिपिकांच्या बाजूनंही सांगायला हवी. इतिवृत्त लिहिणारा माणूस मुद्दाम फसवतोच असं नाही. दोन तासांच्या गोंधळातून त्याला ठराव काढायचा असतो, आणि वरून जसं सांगितलं जातं तसं तो लिहितो. त्याच्याशी नीट बोललात तर तोच तुम्हाला सगळ्यात जास्त मदत करेल.

आणि सभागृहाच्या दारात अडवलं तर वाद घालू नका. हजर मेंबरांनी बहुमतानं ठरवलं तर सभेचा काही भाग लोकांना बंद करता येतो, पण त्यासाठी तसा ठराव सभेत व्हावा लागतो. शिपायानं “आज बाहेरच्यांना बंदी आहे” म्हटल्यानं सभा बंद होत नाही. कुठल्या ठरावानं बंद केली ते सभा लिपिकाकडं लेखी मागा.