नफा वर जातो, मग जबाबदारी खालीच का?

प्रश्न : नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलवाहिन्या फुटून शेतं आणि मासेमारीच्या खाड्या नासल्या. लोकांनी लंडनमध्ये शेलवर दावा लावला, तर कंपनी म्हणाली, वाहिन्या आमच्या नायजेरियातल्या उपकंपनीच्या. नफा घेताना ही वेगळी कंपनी आठवत नाही. कायदा हे चालवून कसं घेतो?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण केवळ नफा वर जातो म्हणून न्यायालय मूळ कंपनीला धरत नाही. १८९७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सालोमन खटल्यात ठरवलं की कंपनी ही तिच्या भागधारकापासून वेगळी व्यक्ती. तिचं देणं तिचंच. छोट्या भागधारकाचं घरदार यामुळे वाचतं, म्हणून मला हा नियम हवाच आहे. पण मूळ कंपनी हीदेखील कायद्याच्या नजरेत उपकंपनीची भागधारकच. त्यामुळे उपकंपन्यांची उतरंड रचणाऱ्या तेलकंपनीलाही तेच संरक्षण मिळतं.

यातून वाट निघते ती दुसऱ्या प्रश्नाने. कंपनी कायदा शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगते, मालकी कोणाची हे नंतर बघा, आधी निर्णय कोण घेत होतं ते शोधा. निर्णय वरून होत असतील, तर मूळ कंपनीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध करता येतो.

१६ मार्च १९७८ रोजी 'अमोको कादिझ' या टँकरचं सुकाणू बिघडलं आणि फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं. जहाज एका उपकंपनीच्या नावावर, झेंडा लायबेरियाचा. तरीही १९८४ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने थेट मूळ कंपनी स्टँडर्ड ऑइल (इंडियाना) हिला जबाबदार धरलं, कारण जहाजाची रचना, देखभाल आणि खलाशांचं प्रशिक्षण यांवर नियंत्रण तिचंच होतं.

तुम्ही म्हणता तो दावा ओगाले आणि बिले इथल्या लोकांचा. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो दारातच अडवला. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले. मूळ कंपनीचा कारभारात किती हात होता हे तिच्या अंतर्गत कागदपत्रांतूनच कळणार. ती उघड होण्याआधी दावा फेटाळणं चूक, असं न्यायालयाने म्हटलं. लक्षात घ्या, हा दोषाचा निकाल नव्हता, खटला चालवायची मुभा होती. पण कागद कंपनीच्या कपाटात आणि पुरावा द्यायचा मच्छीमाराने, हा अन्याय निदान न्यायालयाच्या नजरेस आला.

कंपन्यांचे वकील यावर म्हणतात, मग सुरक्षेचे नियम घालून देणारं मुख्यालयच अडकेल, हात झटकणारं सुटेल. मला हे अजिबात पटत नाही. 'एरिका' हा टँकर डिसेंबर १९९९ मध्ये ब्रिटनीजवळ दुभंगला. तो टोटाल या फ्रेंच तेलकंपनीच्या मालकीचा नव्हता. पण जहाज भाड्याने घेण्याआधीची तपासणी टोटालने आपणहून स्वीकारली होती. तीत हयगय केल्याबद्दलची शिक्षा फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. आपण तपासलं असं सांगितलं की लोक त्यावर विसंबतात. मग ते काम नीटच व्हायला हवं.

प्रश्न : नायजेरियातल्या शेतकऱ्यांनी नेदरलँड्समध्ये लावलेल्या खटल्यात शेलने २०२२ मध्ये दीड कोटी युरो दिले, पण 'दोष मान्य नाही' या अटीवर. मग शेतकऱ्यांनी जिंकलं काय?

उत्तर : बरंच काही. २९ जानेवारी २०२१ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने नायजेरियातल्या ओरुमा इथल्या वाहिनीवर गळती ओळखणारी यंत्रणा नसल्याबद्दल मूळ कंपनीलाही जबाबदार धरलं होतं. नंतरच्या तडजोडीने तो निकाल पुसला जात नाही. पुढचे दावेदार त्याचा आधार घेतील. मला सलतो तो काळ. दावा २००८ चा. निकाल लागेपर्यंत मूळ दावेदारांपैकी काहीजण वारले होते, आणि त्यांची मुलं खटला चालवत होती. अंतर्गत कागदपत्रं सुरुवातीलाच उघड करायला लावली, तर या वर्षांतली बरीच वाचतील. सुधारणा आधी तिथे हवी, भरपाईच्या आकड्यात नंतर.