व्हीआर गेममधली प्रेमकथा मराठी वाचकाला पटेल का?

तुमचा प्रश्न असा: व्हीआर गेमच्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायच्या खेळाच्या आत घडणारी हलकीफुलकी प्रेमकादंबरी लिहायला घेतलीय, पण घरच्यांनी पहिली पानं वाचून विचारलं, "ह्यात ती दोघं भेटलीच कुठं?" मराठी वाचकाला हे पटेल का?

पटेल हो. मी गोव्यात फोंड्याजवळच्या गावात राहतो. जत्रेच्या नाटकाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो, आणि उरलेल्या वेळात भाच्याचा हेडसेट पळवतो. दोन्ही ठिकाणी तेच चालतं: माणूस सोंग घेतो आणि मग मोकळा बोलतो.

संगीत सौभद्र नाटक आठवा. १८८२ साली किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलं, आमच्याकडे उत्सवात अजून पाहायला मिळतं. अर्जुन यतीच्या वेषात सुभद्रेपुढे येतो. बहीण दुर्योधनाला द्यायला निघालेला बलराम त्याच यतीचं भक्तिभावानं आतिथ्य करतो, सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. सगळं ठाऊक असलेला कृष्ण मात्र गालात हसत असतो. प्रेक्षकही कृष्णाच्या बाजूला बसलेला, म्हणून हसू येतं. तुमच्या गेममधला अवतार, म्हणजे तिथं आपल्या जागी दिसणारं सोंग, हा यतीचा वेषच. तेव्हा कोण कोणाला ओळखत नाही हे वाचकाला आधीच कळू द्या. शेवटी धक्का द्यायचा म्हणून दडवून ठेवलंत तर कादंबरी रहस्यकथा होईल, हलकीफुलकी उरणार नाही. आणि बलराम हवाच! समजा, नायिकेचा भाऊ गावच्या फुटबॉल संघात आहे. पलीकडच्या गावच्या गोलकीपरचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरतं. गेममध्ये मात्र न ओळखता त्यालाच हौसेनं आपल्या टीममध्ये घेतो आणि बहिणीला सांगतो, "ह्याच्याकडून शिक जरा."

आता भेटीचं. बऱ्याच व्हीआर गेममध्ये यंत्राला फक्त डोकं आणि दोन हात कळतात. पाय कळत नाहीत, म्हणून कित्येक अवतारांना पायच नसतात, कमरेपासून वर तरंगतात. (नाचाचा प्रसंग लिहिणार असाल तर हे विसरू नका, त्यातच अर्धी गंमत आहे.) पण मान किती तिरकी झाली, बोलताना हात कुठे गेला, हे जसंच्या तसं समोरच्याला दिसतं. आवाजही माणूस ज्या बाजूला उभा असेल तिकडून येतो, जवळ गेलं की मोठा होतो. मी एकाबरोबर महिनाभर खेळत होतो. त्याचा अवतार भलामोठा अस्वलाचा, पण प्रत्येक वाक्याआधी नसलेला चष्मा वर सारायचा. रस्त्यात दिसला तर चेहऱ्यावरून नाही ओळखणार, त्या हातावरून ओळखेन. तुमच्या दोघांची भेट इथं होते. तिथं वास नाही, स्पर्श म्हणाल तर हातातल्या कंट्रोलरची थरथर तेवढी. ही उणीव झाकू नका, तिच्यावरच विनोद करा.

खोलीतलं जगही सोडू नका. आमच्या दमट हवेत भिंगांवर वाफ धरते, ऐन गोड बोलण्यात समोर धुकं. पावसाळ्यात वीज गेली की हेडसेट बॅटरीवर चालू राहतो, पण वायफाय जातं, आणि "मला तुला एक सांगायचंय" म्हणणारा नायक तिथंच गायब. ती बिचारी रात्रभर अर्थ लावत बसणार. मी हॉलमध्ये हात हलवून मित्रांचा निरोप घेत होतो, तर आई म्हणाली, "कोणाक नमस्कार करता रे तूं?" असली माणसं आजूबाजूला असू देत.

लेव्हल, गुण, तलवारीची ताकद ह्यांवर पानं घालवू नका. मरणाची टांगती तलवारही नको. गेममध्ये अडकून पडलेली माणसं बऱ्याच जणांनी लिहून झाली आहेत. हरलं तर फार तर चेष्टा व्हावी.

खऱ्या भेटीसाठी माझं ऐकाल तर रायबंदर–चोडण फेरीबोट घ्या, तीही भर पावसातली. सगळे आडोशाला दाटीनं उभे. समोरचा अनोळखी पोरगा कुणाशी तरी बोलायच्या आधी नसलेला चष्मा वर सारतो. फेरीबोट पलीकडे लागायला जेमतेम काही मिनिटं. तेवढ्यात हाक मारायची की नाही, आणि मारायची तर कुठल्या नावानं, ह्यावर तिचं एक अख्खं प्रकरण निघेल.